अक्षय ऊर्जेचा वाढता वाटा आणि राष्ट्रीय वीज ग्रिडचा तोल

नवी दिल्ली : ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशभरातील घरांमधील दिवे नऊ मिनिटांसाठी मालवण्यात आले. कोरोनाच्या टाळेबंदीतील त्या आवाहनाची चर्चा पणत्या आणि मेणबत्त्यांपुरती राहिली. वीज यंत्रणेच्या नियंत्रण कक्षांत मात्र त्या नऊ मिनिटांची तयारी आधीच्या दोन दिवसांपासून चालू होती. विजेची मागणी १२ ते १३ हजार मेगावॅटने घटेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात पावणेनऊ ते नऊ वाजून दहा मिनिटे या अवधीत ती सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली आणि दिवे लागताच पुन्हा वर चढू लागली. ग्रिड कोसळले नाही. या काळात जलविद्युत केंद्रांनी आपली निर्मिती सुमारे साडेसतरा हजार मेगावॅटने कमी केली आणि नऊ मिनिटे संपताच ती पुन्हा वाढवली. औष्णिक आणि वायू संचांनीही उत्पादन खाली आणले. ग्रिडची वारंवारता ५०.२६ हर्ट्झपर्यंत चढली, ४९.७० पर्यंत उतरली आणि पूर्वपदावर आली.

तो प्रसंग ठरवून आणलेला होता आणि त्याची वेळ मिनिटापर्यंत ठाऊक होती. सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा वाढत असताना मागणी आणि पुरवठ्यातील असेच, किंबहुना याहून मोठे चढउतार आता दररोज घडतात. २०२५ मध्ये भरदुपारी साठ हजार मेगावॅटहून अधिक सौर वीज मिळाल्याचे दिवस आले. सूर्य मावळला की ती सगळी वीज काही तासांत शून्यावर येते, आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे सुरू होत असतात.

जानेवारी २०२५ मध्ये देशाच्या सौर क्षमतेने एक लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला, त्यानंतर दोन महिन्यांत पवन क्षमता ५० हजार मेगावॅटवर गेली. जून २०२५ अखेर एकूण स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. पॅरिस करारांतर्गत भारताने यासाठी २०३० ची मुदत घातली होती, म्हणजे उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठले गेले. हा आकडा वाचताना एक खबरदारी आवश्यक आहे. स्थापित क्षमता म्हणजे प्रत्यक्ष निर्मिती नव्हे. २०२४-२५ या वर्षात देशात तयार झालेल्या विजेपैकी जवळपास तीन-चतुर्थांश वीज कोळशापासूनच आली, तर सूर्य आणि वारा मिळून जेमतेम आठवा भाग. तरीही दुपारच्या काही तासांत सौर विजेचा वाटा या सरासरीच्या कितीतरी पुढे जातो. ग्रिडचा तोल वार्षिक सरासरीवर सांभाळता येत नाही, तो त्या-त्या क्षणी सांभाळावा लागतो.

पन्नास हर्ट्झचा अर्थ

वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवण्याची सोय अलीकडेपर्यंत जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे कोणत्याही क्षणी जेवढी मागणी तेवढीच निर्मिती, हा वीज यंत्रणेचा मूळ नियम राहिला. हा नियम पाळला जातो आहे की नाही, हे सांगणारा आकडा म्हणजे वारंवारता. भारतात प्रत्यावर्ती प्रवाहाची दिशा सेकंदाला पन्नास आवर्तने या गतीने बदलते. मागणी निर्मितीपेक्षा वाढली, तर फिरत्या जनित्रांवर ताण येऊन त्यांची गती मंदावते आणि वारंवारता घसरते. निर्मिती जास्त झाली, तर ती चढते. भारतीय विद्युत ग्रिड संहितेने ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा पट्टा ठरवून दिला आहे. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आणि कच्छपासून अरुणाचलपर्यंत एका क्षणी हा आकडा जवळजवळ एकच असतो.

ही एकरूपता फार जुनी नाही. देशात पाच प्रादेशिक ग्रिड होते. पूर्व आणि ईशान्य विभाग १९९१ मध्ये, पश्चिम विभाग २००३ मध्ये आणि उत्तर विभाग २००६ मध्ये एकमेकांशी समकालिक जोडले गेले. दक्षिण विभाग वेगळाच राहिला होता. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि संपूर्ण देश एका वारंवारतेवर आला. राष्ट्रीय ग्रिडचा शेवटचा सांधा अशा रीतीने महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या सीमेवर जुळला.

या जाळ्याचे नियंत्रण तीन पातळ्यांवर चालते. दिल्लीत राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र आहे. त्याखाली दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळुरू आणि शिलाँग येथे पाच प्रादेशिक केंद्रे, आणि प्रत्येक राज्यात राज्य भार प्रेषण केंद्र. राष्ट्रीय आणि प्रादेशिक केंद्रे चालवणाऱ्या ‘पोसोको’ या सरकारी कंपनीचे नाव नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडिया’ असे झाले. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागात कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची आणि कोणत्या राज्याने किती उचलायची, याचे वेळापत्रक आदल्या दिवशी ठरते. ते मोडणाऱ्याला दंड भरावा लागतो. वारंवारतेशी निगडित अशी ही आकारणी सर्वप्रथम जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा यांच्या ग्रिडवर लागू झाली. त्याआधी वारंवारता ४८ हर्ट्झपर्यंत घसरणे ही बातमीही होत नसे.

वेळापत्रक आणि वास्तव यांत फरक पडतोच, आणि तो भरून काढण्याच्या तीन फळ्या आहेत. पहिली फळी जनित्रांच्या गव्हर्नरची: वारंवारता घसरताच काही सेकंदांत ते आपोआप वाफेचा किंवा पाण्याचा प्रवाह वाढवतात. दुसरी फळी स्वयंचलित निर्मिती नियंत्रणाची. यात दिल्लीतील केंद्र निवडक वीज केंद्रांना दर चार सेकंदांनी संदेश पाठवते आणि त्यानुसार त्यांची निर्मिती मानवी हस्तक्षेपाविना कमी-जास्त होते. जानेवारी २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील दादरी केंद्रावर याचा पहिला प्रयोग झाला, आणि २०२२ च्या सुरुवातीला पाचही विभागांतील पन्नासच्या आसपास केंद्रे या यंत्रणेत आली. तिसरी फळी म्हणजे फोन आणि आदेश: राखीव संच सुरू करा, अमुक केंद्राचा भार वाढवा. या सेवांना आता नियामक आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार स्वतंत्र मोबदला मिळतो. तोल राखणे हीदेखील एक विकत घेण्याची सेवा आहे, हे आपल्याकडे कागदावर यायला असा बराच काळ लागला.

जड चाक आणि हलका इन्व्हर्टर

या तिन्ही फळ्यांच्या आधी, पहिल्या एक-दोन सेकंदांत, ग्रिडला वाचवते ती एक निव्वळ भौतिक गोष्ट. औष्णिक केंद्रातील शेकडो टन वजनाचे टर्बाइन आणि जनित्र मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असते. अचानक एखादा मोठा संच बंद पडला, तरी बाकीची फिरती चाके लगेच थांबत नाहीत. त्यांच्यात साठलेली गतिज ऊर्जा क्षणभर तूट भरून काढते आणि वारंवारतेच्या घसरणीचा वेग मंदावतो. हे जडत्व कोणी मागून घेतलेले नव्हते. कोळसा आणि पाण्यावरील विजेबरोबर ते फुकटच मिळत होते.

सौर पॅनेलमध्ये काहीच फिरत नाही. त्यातून निघणारा एकदिश प्रवाह इन्व्हर्टरमधून प्रत्यावर्ती होऊन ग्रिडमध्ये जातो. आधुनिक पवनचक्क्याही बहुतांशी इलेक्ट्रॉनिक परिवर्तकांमार्फत जोडलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्या पात्यांचे वजन ग्रिडला थेट उपयोगी पडत नाही. आज वापरात असलेले बहुतेक इन्व्हर्टर ग्रिडचा ताल ऐकून त्याप्रमाणे चालणारे आहेत. दिंडीत पखवाज वाजतो आहे तोवर टाळकरी बिनचूक साथ देतात, पखवाजच थांबला तर त्यांची पंचाईत होते, तसा हा प्रकार. स्वतः ताल धरू शकणारे, म्हणजे ग्रिड नसतानाही पन्नास हर्ट्झचा आधार निर्माण करणारे इन्व्हर्टर तंत्रज्ञान उपलब्ध आहे आणि मोठ्या बॅटऱ्यांबरोबर ते अनेक देशांत बसवले जात आहे. भारतात ते अजून नियम नव्हे तर अपवाद आहे.

इन्व्हर्टरचा दुसरा स्वभाव अधिक त्रासदायक ठरला. विद्युतदाब क्षणभर खाली आला की आपल्या बचावासाठी ग्रिडपासून तुटायचे, अशी त्यांची मूळ रचना. घराच्या छतावर ते योग्यच. वाळवंटात हजारो मेगावॅटचा प्रकल्प एकाच वेळी तुटला, तर मात्र एका वाहिनीवरचा किरकोळ बिघाड संपूर्ण देशाच्या वारंवारतेत दिसू लागतो. पश्चिम राजस्थानात २०२२ पासून अशा घटना वारंवार घडल्या. काही वेळा एका झटक्यात हजार मेगावॅटहून अधिक निर्मिती नाहीशी झाली. दाब घसरला अथवा चढला तरी ठरावीक काळ जोडलेले राहण्याची अट नियमांत आधीपासून होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती यंत्रणा नीट बसवलेली किंवा जुळवलेली नव्हती, असे तपासातून पुढे आले. तेव्हापासून प्रकल्पांच्या तांत्रिक तपासण्या कडक झाल्या आहेत आणि भडला, फतेहगड, बिकानेर येथील संकलन उपकेंद्रांत दाब सावरणारी ‘स्टॅटकॉम’ संयंत्रे उभी राहिली आहेत.

विद्युतदाबाचा हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये दिसले. स्पेनमधील निर्मितीत त्या दुपारी सौर ऊर्जेचा वाटा निम्म्याहून अधिक होता. बारा वाजून तेहतीस मिनिटांनी काही सेकंदांत दोन्ही देशांचे ग्रिड कोसळले. रेल्वे थांबल्या, मोबाईल बंद पडले, आणि पुरवठा पूर्ववत व्हायला दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडली. सौर ऊर्जेनेच घात केला, अशी ओरड लगेच झाली. तपासात समोर आलेले चित्र वेगळे होते: विद्युतदाब आवरेनासा होऊन एकामागून एक निर्मिती केंद्रे तुटत गेली. दाब नियंत्रित करण्याची जबाबदारी असलेल्या पारंपरिक केंद्रांकडून अपेक्षित साथ मिळाली नाही, आणि अक्षय ऊर्जा प्रकल्पांना दाब-नियंत्रणात सक्रिय भाग घेऊ देणारे नियम तेथे लागूच झालेले नव्हते. दोष सूर्यापेक्षा नियमावलीच्या संथपणाकडे अधिक जातो. भारतीय यंत्रणांनी यातून घ्यायचा धडाही तोच आहे.

आपल्याकडील सर्वांत मोठी पडझड अक्षय ऊर्जेशी संबंधित नव्हती, हेही येथे नोंदवायला हवे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर वाहिनी तुटली आणि उत्तर ग्रिड कोसळले. दुसऱ्याच दिवशी दुपारी एक वाजता उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग अंधारात गेले आणि साठ कोटींहून अधिक लोकांना त्याची झळ बसली. उत्तरेकडील राज्ये वेळापत्रकापेक्षा जास्त वीज खेचत होती, दुरुस्तीसाठी अनेक वाहिन्या बंद होत्या, आणि उरलेल्या एका वाहिनीवर सगळा भार आला होता. कारणे सगळी मानवी आणि प्रशासकीय.

संध्याकाळचा चढ

तांत्रिक प्रश्नांमधून बाहेर आल्यावर रोजचा प्रश्न उरतो तो संध्याकाळचा. सौर निर्मिती वजा करून उरलेल्या मागणीचा दिवसभराचा आलेख काढला, तर दुपारी खोलगट पोट आणि संध्याकाळी ताठ मान असा आकार दिसतो. कॅलिफोर्नियातील ग्रिड चालकांनी २०१३ मध्ये त्याला बदकाची उपमा दिली. भारतातही तोच आकार आता स्पष्ट दिसतो. ३० मे २०२४ रोजी देशाच्या मागणीने अडीच लाख मेगावॅटचा विक्रम केला, पण तो दुपारचा होता आणि सूर्य मदतीला होता. नियोजनकारांची झोप उडवते ती उकाड्याची रात्र, कारण तेव्हा मागणी फारशी उतरत नाही आणि सौर वीज नसते. वीज एक्स्चेंजवर दुपारी मातीमोल असलेला भाव संध्याकाळी प्रतियुनिट दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो, तो यामुळेच.

हा चढ चढण्याचे ओझे आज प्रामुख्याने कोळशावर आहे. कोळशाचा संच दुपारी बंद करून संध्याकाळी सुरू करता येत नाही. थंड झालेला बॉयलर तापवायला कित्येक तास लागतात. म्हणून तो दुपारी शक्य तितका मंद आचेवर ठेवावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांनुसार ही किमान पातळी ५५ टक्के असून पुढे ती टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आणायची आहे. उच्च भारावर मिनिटाला तीन टक्के आणि सर्वांत खालच्या टप्प्यात एक टक्का या गतीने भार बदलता यावा, अशीही अट आहे. दादरीसारख्या केंद्रांवर ४० टक्क्यांच्या चाचण्या यशस्वी झाल्या. तरीही केंद्रांचे अभियंते या बाबतीत उत्साही नाहीत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हे संच सतत एकाच भारावर चालण्यासाठी बांधलेले आहेत. रोजच्या तापण्या-निवण्याने नळ्या आणि जोड थकतात, कमी भारावर ज्योत टिकवण्यासाठी तेल जाळावे लागते, प्रतियुनिट कोळसा जास्त लागतो. हा खर्च वीज दरात कोणाच्या नावावर लिहायचा, हा वाद राज्यांच्या मालकीच्या केंद्रांबाबत अजून सुटलेला नाही. कित्येक राज्य केंद्रे त्यामुळे जुन्या सवयीनेच चालतात आणि लवचिकतेचा भार केंद्रीय प्रकल्पांवर पडतो.

या कामासाठी पाण्यासारखे साधन नाही. महाराष्ट्रात कोयना हे त्याचे उत्तम उदाहरण. १,९६० मेगावॅटचा हा प्रकल्प काही मिनिटांत पूर्ण क्षमतेवर येऊ शकतो, आणि म्हणूनच राज्याच्या भार प्रेषण केंद्रासाठी तो हाताशी असलेला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही आहे. पण कोयनेचे पाणी मोजके आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. ते पाणी वीज तयार करून अरबी समुद्राकडे जाते, पूर्वेकडच्या शेतीला मिळत नाही, हा जुना सल आहेच. त्यामुळे प्रत्येक घनफूट कोणत्या तासाला वापरायचा, हा हिशेब सौर वीज वाढेल तसा अधिक काटेकोर होत जाणार.

पाणी पुन्हा वर चढवता आले तर ही मर्यादा सुटते. नगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील घाटघर येथील २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प हेच करतो: वीज स्वस्त असताना खालच्या धरणातील पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरील तलावात चढवायचे आणि मागणी वाढली की सोडायचे. टाटांचे भिरा, पश्चिम बंगालमधील पुरुलिया, तामिळनाडूतील कदमपराई, तेलंगणातील श्रीशैलम डावा तीर ही अशीच केंद्रे. पूर्वी हे पंप मध्यरात्रीनंतर, कोळशाची वीज शिल्लक असताना चालवण्याची कल्पना होती. आता त्यांची वेळ दुपारकडे सरकते आहे. सह्याद्रीचा उंच कडा या प्रकल्पांना अनुकूल असल्याने महाराष्ट्रात त्यासाठी मोठ्या प्रमाणावर करार झाले आहेत. यांपैकी किती प्रत्यक्षात उतरतील, याबाबत आताच आकडे मांडण्यात अर्थ नाही. वनजमीन, भूगर्भातील बोगदे आणि पर्यावरणीय मंजुरी यांत एका उदंचन प्रकल्पाची पाच-सात वर्षे सहज जातात.

बॅटरी त्या मानाने वर्ष-दीड वर्षात उभी राहते, आणि तिच्या किमतीतील घसरणीने सगळ्यांचेच अंदाज चुकवले. ऑगस्ट २०२२ मध्ये देशातील पहिल्या मोठ्या स्वतंत्र बॅटरी निविदेत दर महिन्याला प्रतिमेगावॅट जवळपास ११ लाख रुपयांचा भाव निघाला होता. २०२५ पर्यंत तो सव्वादोन लाखांच्या आसपास आला. दिल्लीतील किलोकरी उपकेंद्रात मे २०२५ मध्ये सुरू झालेली २० मेगावॅटची बॅटरी दोन तास पुरते. आकाराने ती किरकोळ आहे, पण वितरण कंपनीने शहराच्या आत, भाराच्या शेजारी ती बसवली हे महत्त्वाचे. नव्या सौर निविदांत क्षमतेच्या किमान दहा टक्के इतकी दोन तासांची साठवण असावी, असा सल्ला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला आहे. बॅटरी सेकंदाच्या अंशात प्रतिसाद देते, त्यामुळे हरवलेल्या जडत्वाची काही भरपाईही तिच्याकडून होऊ शकते. राष्ट्रीय विद्युत आराखड्यानुसार २०३१-३२ मध्ये देशाला उदंचन आणि बॅटरी मिळून सुमारे ७४ हजार मेगावॅटची साठवण लागेल. आजची उपलब्धता त्याच्या अगदी लहान भागाइतकी आहे.

वाळवंटातून शहरापर्यंत

सूर्य आणि वारा जेथे भरपूर आहेत, तेथे वीज वापरणारे कमी आहेत. गुजरातच्या कच्छमधील खावडा येथे तीस हजार मेगावॅटचा प्रकल्प उभा राहतो आहे. तेथून थेट नागपूरपर्यंत सहा हजार मेगावॅट वाहून नेणारी ८०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाह वाहिनी मंजूर झाली असून तिचे काम पॉवर ग्रिडकडे आहे. लडाखमधील १३ हजार मेगावॅटच्या प्रकल्पासाठी हरियाणातील कैथलपर्यंत वाहिनी नेण्याच्या योजनेला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. २०३२ पर्यंतच्या पारेषण आराखड्याचा एकूण खर्च ९ लाख १५ हजार कोटी रुपये आहे.

अडचण वेगातील तफावतीची आहे. सौर प्रकल्प दीड वर्षात उभा राहतो, वाहिनीला चार-पाच वर्षे लागतात. राजस्थानात त्यामुळे तयार प्रकल्पांना दुपारी निर्मिती कमी करण्याचे आदेश मिळू लागले आहेत. सूर्य तळपतो आहे, पॅनेल बसलेले आहे, कर्जाचे हप्ते सुरू आहेत आणि वीज वाया जाते आहे. गुंतवणूकदारांच्या दृष्टीने याहून निरुत्साही करणारी दुसरी गोष्ट नसेल.

वाहिन्यांना विरोधही होतो, आणि तो प्रत्येक वेळी अनाठायी असतो असे नाही. थरच्या वाळवंटात अखेरचे माळढोक पक्षी तारांवर आदळून मरतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्या भागातील वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला होता, तो मार्च २०२४ मध्ये शिथिल केला. गोव्याकडे स्वतःची म्हणावी अशी वीजनिर्मिती नाही, तरी मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या तमनार वाहिनीविरुद्ध २०२० मध्ये गोमंतकीय तरुण रस्त्यावर उतरले आणि मार्गाचा फेरविचार करावा लागला.

मागणीच सूर्याकडे वळवणे

पुरवठा मागणीच्या मागे धावतो, हे गृहीतक उलटे करता येते का? महाराष्ट्रातील शेतकऱ्यांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. वर्षानुवर्षे कृषी पंपांना वीज मिळे ती आळीपाळीने, आणि त्यातील बरीचशी रात्री, कारण तेव्हा शहरे झोपलेली असत. हिवाळ्यात गव्हाला पाणी देण्यासाठी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावर जायचे, साप-विंचवाची आणि जुन्नर-नाशिक पट्ट्यात बिबट्याची भीती बाळगायची, असा हा ग्रिडचा तोल शेतकऱ्याच्या झोपेवर सांभाळला जात होता. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत कृषी फीडर उपकेंद्राजवळच्या लहान सौर प्रकल्पांवर चालवण्याची कल्पना आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, सौर वीज गावातच खपते, लांबच्या वाहिनीवर भार येत नाही. कृषी पंप देशातील विजेच्या सुमारे सहाव्या हिश्श्याचे ग्राहक आहेत. त्यांची वेळ दुपारी आणणे हा तोल सांभाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ठरू शकतो, आणि तो पुरेसा गाजलेला नाही.

इतर ग्राहकांसाठी दर हे साधन आहे. जून २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार सौर तासांतील दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि मागणीच्या ऐन तासांतील दर चढा असावा, असे ठरले. कृषी ग्राहक वगळता सर्वांसाठी १ एप्रिल २०२५ ही मुदत होती. महाराष्ट्रात नवे मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत सवलत मिळते. मात्र दिवसभर घराला कुलूप असणाऱ्या कुटुंबाला या सवलतीचा लाभ मर्यादितच, आणि मीटरविषयीचा लोकांचा अविश्वास हा वेगळा प्रश्न.

छतावरील सौर संचांनी एक नवे कोडे घातले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचे उद्दिष्ट आहे. मोठ्या प्रकल्पांचा अंदाज आणि वेळापत्रक देणे बंधनकारक असते. महाराष्ट्रात त्याचे विनियम २०१८ पासून आहेत. छतावरचा संच मात्र नियंत्रण कक्षाला दिसत नाही. ढग आले की एखाद्या शहराची मागणी अचानक वाढल्यासारखी वाटते, एवढेच पडद्यावर उमटते.

शेवटचा उपाय

सगळे उपाय थकले, तर ग्रिडचा एखादा भाग वेगळा काढून वाचवण्याची तजवीज असते. मुंबईची अशी ‘आयलँडिंग’ व्यवस्था १९८० च्या दशकापासून प्रसिद्ध होती. राज्याचे ग्रिड कोसळले, तरी तुर्भे आणि डहाणू येथील केंद्रांच्या आधाराने शहर उजळलेले राहावे, ही तिची योजना. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे परिसरातील वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या. बेट वेगळे झाले, पण शहराची मागणी आतील निर्मितीपेक्षा जास्त होती आणि ते टिकले नाही. लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, टाळेबंदीच्या त्या काळात रुग्णालयांना जनित्रांवर विसंबावे लागले. त्यानंतर २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाल्याने शहरात बाहेरून वीज आणण्याची क्षमता वाढली आहे.

पूर्ण अंधारातून ग्रिड पुन्हा उभे करणे याला ‘ब्लॅक स्टार्ट’ म्हणतात. औष्णिक केंद्राला स्वतः सुरू होण्यासाठीच बाहेरून वीज लागते: पंखे, पंप, कोळशाच्या चक्क्या चालवायला. जलविद्युत केंद्राला मात्र एक छोटे डिझेल जनित्र पुरते. दरवाजे उघडले, पाणी सुटले की पहिला संच फिरू लागतो. त्याची वीज वाहिनीवरून जवळच्या औष्णिक केंद्रापर्यंत नेली जाते, मग पुढच्या, आणि तासातासाने शहरे जोडली जातात. स्पेनमध्येही एप्रिल २०२५ च्या त्या दुपारी धरणांखालच्या जनित्रांनी आणि फ्रान्स-मोरोक्कोकडून आलेल्या विजेने सुरुवात करून दिली. ताल धरू शकणाऱ्या इन्व्हर्टरसह बसवलेली बॅटरी हे काम करू शकते. भारतात आज ही जबाबदारी प्रामुख्याने जलविद्युत आणि काही वायू संचांकडे आहे, आणि ती वेळ आल्यास निभावता येईल का, हे तपासण्यासाठी ग्रिड संहितेनुसार ठरावीक कालांतराने सराव चाचण्या घ्याव्या लागतात.